पोळ्याची पोर आणि रोमच्या संन्याशाचे सन

अर्जदार : चिखलीच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा मी स्वतः, वय सुमारे पन्नास. 'सुमारे' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

गैरअर्जदार क्रमांक एक : रोम शहरी राहिलेला एक ख्रिस्ती संन्यासी, मयत होऊन चौदाशे वर्षे झाली. क्रमांक दोन : ख्रिस्ती धर्मगुरूंची एक मोठी सभा, सर्व सभासद मयत. क्रमांक तीन : आमच्या तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेचे मुख्याध्यापक, हयात, सध्या पेन्शन खातात. क्रमांक चार : कचेरीतील एक अधिकारी, बदली होऊन गेले, कोठे ते विचारण्याची मला गरज वाटली नाही.

साक्षीदार : मुलीचा बाप. मुलीच्या जन्माच्या वेळची सुईण. त्या दिवशी गावच्या तोरणाखाली बैल घेऊन उभा असलेला सगळा गाव. आणि मिशन शाळेचा एक मास्तर, जो साक्ष देताना अर्धी माझ्या बाजूने देतो आणि अर्धी विरुद्ध.

वादाची तारीख : वाद तारखेचाच असल्यामुळे ही जागा मोकळी ठेवली आहे.

नावे कोणाचीच लिहिलेली नाहीत. माझ्याकडे येणारा माणूस आपली अब्रू माझ्या पेटीवर ठेवून जातो. ती चारचौघांत उघडून दाखवणे हे माझ्या धंद्याच्या शिस्तीत बसत नाही.

आता हकीकत. महाराष्ट्र राज्य होऊन पाचेक वर्षे झाली होती. चिखलीजवळच्या एका खेड्यातला माळी, वांगी-मिरच्या-मेथी पिकवणारा, दर बाजाराला माझ्यासमोरून डोक्यावर पाटी घेऊन जाई. वर्षानुवर्षे त्याने माझ्याकडे एका अर्जाचेही काम आणले नाही. ज्याला अर्ज लागत नाही असा मनुष्य मला नेहमी थोडा संशयास्पद वाटतो. पण त्या साली चैत्रात तो पाटी रिकामी करून माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाऊ, माह्या पोरीचं वय कमी लिवलं हाय. ते वाढवून द्या."

मी पेन खाली ठेवले. वय कमी करून द्या म्हणणारे मी पुष्कळ पाहिले होते, नोकरदार सगळे तेच म्हणतात. वय वाढवून द्या म्हणणारा मुलीचा बाप मी प्रथमच पाहत होतो.

त्याची मुलगी सातवी पास होती. पुढे घरीच राहून भाजी खुडत होती, आईबरोबर बाजार करत होती. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात मुलींना नर्सबाईचे शिक्षण देतात, राहणे-जेवण सरकारचे, आणि पुढे पगाराची नोकरी, हे तिला कोणीतरी सांगितले होते. अट एकच होती. जुलैच्या पहिल्या तारखेला सतरा वर्षे पूर्ण पाहिजेत. मुलीची सतरा केव्हाच भरली होती, परंतु शाळेच्या दाखल्यावर तिला सोळावेही नीट संपलेले नव्हते. दुसऱ्या बाजूला धामणगाव बढ्याचे एक घर तिला मागणी घालून बसले होते. शेती बरी, मुलगा बिजवर, आणि अक्षय तृतीयेपर्यंत हो-नाही सांगा असा त्यांचा निरोप होता. बाप मला म्हणाला, "नर्सिंगचं जमलं तं मी त्याईले नाही म्हणतो. नाही जमलं तं कोन्या तोंडानं नाही म्हणू? पोरगी म्हणते, एक डाव पाहून घ्या बाबा, मंग जिथं देसान तिथं जाईन."

म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत एका मुलीचे वय दुरुस्त व्हायला पाहिजे होते. एवढाच हा खटला. बाकी सगळा जगाचा मूर्खपणा आहे, आणि तो मी आता क्रमाने मांडतो.

पहिला मूर्खपणा मुख्याध्यापकांचा. त्यांच्या शाळेत नाव घालायला मूल आले की ते जन्माची तारीख विचारत नसत. विचारून सांगणार कोण? ते मुलाला समोर उभे करत, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत, आणि बोटांनी डावा कान धरता आला तर मुलाला सहा पूर्ण. कान सापडला नाही तर पुढच्या साली या. कान सापडलेल्या सर्वांचा जन्म ते एक जूनला लिहीत, कारण त्यांची शाळा जूनमध्ये भरत असे. आमच्या तालुक्यातील निम्मी प्रजा अशा रीतीने एकाच दिवशी जन्मली आहे. त्या दिवशी तालुक्यातल्या सुइणींनी काय केले असेल याचा विचार त्या विद्वानाने कधी केला नाही. माझाही जन्म अशाच एका मास्तराने असाच नक्की केला आहे, म्हणून वर 'सुमारे' लिहिले.

या मुलीचा हात कानाला पुरला नाही. पहिल्या साली नाही, दुसऱ्याही साली नाही. तिसऱ्या साली कसाबसा कानाच्या पाळीला लागला, आणि मुख्याध्यापकांनी लिहिले : सहा पूर्ण, जन्म एक जून.

मी बापाला विचारले, "हात एवढा आखूड काऊन होता?"

"हात आखूड नाही जी," तो म्हणाला, "डोकं मोठं हाय तिचं. तिच्या आजीसारखं."

खरा जन्म कधीचा, हे मात्र तो न अडखळता सांगत होता. ज्या साली कचेरीवर पहिल्यांदा आपला झेंडा लागला, त्या साली श्रावण अधिक आला होता, म्हणून झेंड्यानंतर महिनाभराने पोळा आला. त्या पोळ्याला. "तोरणाखाली बैल उभे होते जी, माह्या हाती दोर होता. घरून सुईणीनं निरोप धाडला, पोरगी झाली म्हणून. तोरण तुटल्याबिगर बैल घेऊन हलता येत नाही. पाटलाचा बैल तेवढ्यात अडून बसला. अर्धा गाव मले हसून राह्यला होता, याले घरी जायची घाई अन् पाटलाच्या बैलाले नाही. कोनालेबी विचारा. आजबी हसतात."

मी माझे पंचांग उघडले. जुनी पंचांगे मी टाकत नाही. अधिक श्रावण, निज श्रावण, अमावास्या. सगळे जुळले. इतका पक्का जन्म मी माझ्या आयुष्यात कोणाचा पाहिला नव्हता. मोठमोठ्या घरच्या पत्रिकांनाही इतके साक्षीदार नसतात, कारण पत्रिका बनवणारा भटजी एकटाच असतो आणि त्याला दक्षिणा मिळालेली असते.

मी त्याला घेऊन कचेरीतल्या साहेबांकडे, म्हणजे गैरअर्जदार क्रमांक चारकडे, गेलो. साहेब पुण्याकडचे होते. इकडचे बोलणे कानावर पडले की मेथीत अळी दिसावी तसे तोंड करत. बापाने पोळ्याची हकीकत सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हातातला कागद हलवून वारा घेतला.

"पोळा ही काही तारीख नव्हे," साहेब म्हणाले. "मला इंग्रजी तारीख हवी, आणि तिचा पुरावा हवा. ऐकीव अंदाजावर सरकार चालत नाही. एक जून लिहिलंय ना? मग एक जून."

"एक जून हाही अंदाजच आहे, साहेब," मी म्हणालो. "कानाचा अंदाज आहे."

"पण तो लिहिलेला आहे," साहेब म्हणाले. "लेखी अर्ज करा, पाहू."

लेखी अर्ज करा हे वाक्य माझ्या पोटापाण्याचे असल्यामुळे मी त्यांचा राग धरला नाही. बापाला मी शुक्रवारी ये म्हणून सांगितले. आणि येथे मला गैरअर्जदार क्रमांक दोनने अडवले.

तो शुक्रवार गुड फ्रायडे निघाला. गेल्या साली हाच दिवस मार्चात आला होता, हे मला पक्के आठवत होते, कारण तेव्हाही माझे एक काम बुडाले होते. इंग्रजी सण म्हणजे तारखेचा पक्का, नाताळ जसा पंचवीस डिसेंबरला येतो तसा, या समजुतीने मी मार्च सरल्यावर निर्धास्त होतो. बाप सकाळी पाचसहा कोस चालून आला, तर कचेरीला कुलूप. तो कुलपाकडे पाहून म्हणाला, "काल हनुमान जयंती झाली, प्रसाद खाऊन निंघालो. आज कोनाची जयंती हाय?"

"आज मयंती आहे," मी म्हणालो. तेवढ्यात मिशन शाळेचा मास्तर प्रार्थना आटोपून पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत समोरून चालला होता. हा मास्तर आठवड्यातून दोनदा माझ्या पेटीशी बसून माझ्या चहाचे नुकसान करी. मला 'वकीलसाहेब' म्हणे, आणि त्यात आदर किती आहे हे मला कळत होते. मी त्याला हाक मारली.

"काय मास्तर, तुमचा देव दरसाल वेगळ्या तारखेला मरतो काय? गेल्या साली मार्चात, यंदा एप्रिलच्या मध्याला?"

मास्तर थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "आणि तुमचा राम कोणत्या तारखेला जन्मतो, वकीलसाहेब? गेल्या आठवड्यात झाली ना नवमी? गेल्या साली याच तारखेला झाली होती का?"

बाप हसला. माझ्या अशिलाने समोरच्या पक्षाच्या बोलण्यावर हसणे मला आवडत नाही. मी म्हणालो, "राम तिथीने जन्मतो. तिथी ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही तारखेवाले."

"आमचाही हा सण तिथीचाच आहे," मास्तर म्हणाला आणि न बोलावता बसला. "काल पौर्णिमा होती ना? मार्चच्या एकवीस तारखेला दिवसरात्र सारखे होतात असे धरायचे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, देव मरणातून उठला तो दिवस. त्याच्या आधीचा शुक्रवार आज. चंद्र सरकला की सण सरकतो. सगळ्या देशांत वेगवेगळ्या दिवशी होऊ लागला, भांडणे झाली, तेव्हा धर्मगुरूंची मोठी सभा भरली आणि तिने सांगितले, सगळ्यांनी एकाच रविवारी करा."

"सभा भरवून देव उठण्याचा दिवस ठरवला?"

"तुमच्याकडे एकादशी स्मार्तांची वेगळी आणि भागवतांची वेगळी असते," मास्तर म्हणाला. "सभा भरवली असती तर तुमचाही उपास एकाच दिवशी झाला असता."

या मनुष्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे मी पूर्वीच ओळखले होते. परंतु माझ्या डोक्यात त्या वेळी साहेबांचे वाक्य घोळत होते. पोळा ही तारीख नव्हे. अंदाजावर सरकार चालत नाही. म्हणून मी पेटीवरची धूळ झटकली आणि मास्तराला साक्षीदार समजून उलटतपासणी सुरू केली.

"नाताळची पंचवीस तारीख तरी पक्की ना? तुमच्या पोथीत लिहिली असेल."

"पोथीत तारीख नाही," मास्तर म्हणाला. "मेंढपाळ रात्री रानात मेंढरे राखत होते, एवढेच आहे. कोणी म्हणतात त्या दिवसांत दिवस मोठा व्हायला लागतो, तिथल्या लोकांचा सूर्याचा सण असे, तोच दिवस देवाला दिला. कोणी म्हणतात देव आईच्या पोटी आला तो दिवस पंचवीस मार्च धरला, आणि त्यावर नऊ महिने मोजले. पूर्वेकडच्या काही मंडळ्या सहा जानेवारी पाळत. खरे कोणालाच माहीत नाही."

"नऊ महिने मोजले," बाप एवढा वेळ ऐकत होता, तो म्हणाला. "सुईण नव्हती काय जी तिथं?"

मास्तराने पुन्हा घाम पुसला. मला मात्र अशिलाचा हसण्याचा अपराध माफ करावासा वाटला.

"आणि सन?" मी विचारले. "एकोणीसशे अमुक. हा आकडा तरी?"

मास्तर अवघडला. मग म्हणाला, "तो फार नंतर ठरला. देवाच्या जन्मानंतर पाचशे वर्षे लोक त्या सनाने मोजतच नव्हते. रोमला एक संन्यासी होता. पुढच्या वर्षांचे ईस्टर केव्हा येणार याचा तक्ता करत होता. त्या काळी वर्षे मोजत ती एका रोमन बादशहाच्या गादीवर बसण्यापासून. तो बादशहा ख्रिस्ती लोकांना मारणारा. संन्यासी म्हणाला, ज्याने आम्हाला मारले त्याचे नाव दर वर्षाला कशाला घ्यायचे, देवापासूनच मोजू. म्हणून त्याने मागे मोजत जाऊन जन्माचे साल ठरवले."

"मागे मोजत, पाचशे वर्षांनी. बरोबर आले?"

"चूक झाली थोडी," मास्तर म्हणाला. "ज्या राजाच्या काळात देव जन्मला असे पोथीत आहे, तो राजा त्या सनाच्या हिशेबाने चार वर्षे आधीच मेला होता."

मी हे पुन्हा एकदा त्याच्या तोंडून वदवून घेतले, कारण उलटतपासणीत हे करावेच लागते. म्हणजे ईसवी सनाच्या हिशेबाने ईसा स्वतःच्या जन्माआधी चार वर्षे किंवा त्याहून जास्त आधी जन्मला होता. शिवाय त्या मोजणीत शून्य नव्हते. आधीचे पहिले वर्ष संपले की लगेच नंतरचे पहिले. शून्य आमच्याकडून त्यांच्याकडे जायचे होते, तोवर त्यांनी सन सुरू करून टाकले. मास्तराने पुढे आणखी एक कबुली दिली, की त्यांचे वर्ष सूर्याशी जुळेना म्हणून एका पोपसाहेबांनी एकदा दहा तारखा सरळ काढून टाकल्या. रात्री चार तारखेला झोपलेला मनुष्य सकाळी पंधरा तारखेला उठला. इंग्रजांनी ते जवळजवळ दोनशे वर्षे मानले नाही, आणि मग त्यांनीही तारखा काढल्या, तोवर अकरा झाल्या होत्या.

आमच्या पंचांगात तिथीचा क्षय झाला, एक तिथी गळली, की हे इंग्रजी शिकलेले कोटवाले तोंडावर रुमाल धरून हसतात. त्यांच्या अकरा तारखा गळल्या, तेव्हा कोणाचा रुमाल वर गेला होता?

"तुम्ही हसू नका, वकीलसाहेब," मास्तर उठता उठता म्हणाला. "चुकला असेल, पण साऱ्या जगाने एकच चूक धरली. म्हणून आज अमेरिकेतल्या पत्रावरची तारीख चिखलीत कळते. तुमच्या पोळ्याचे तसे नाही. जालन्याच्या पलीकडे गेले की पोळ्याला कोणी दुसरेच नाव सांगेल."

हे बोलणे मला तेव्हा निरर्थक वाटले आणि आजही वाटते. सगळ्यांनी मिळून केलेल्या चुकीला शिक्का लागतो आणि एका गावाने मिळून पाहिलेल्या खऱ्याला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

त्याच दिवशी दुपारी मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातील तो सर्वोत्तम अर्ज. मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो आहे. पुढे का शिकलो नाही असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की मॅट्रिक झालेली माणसे माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. अर्जात प्रथम पोळा, अधिक श्रावण, पाटलाचा बैल, साक्षीदारांचे अंगठे. नंतर मी असे लिहिले : हुजुरांनी पोळा ही तारीख नव्हे असे फर्मावले. सबब अर्जदार नम्रपणे विचारतो, की ज्या सनाचा आकडा हुजूर दररोज सहीखाली घालतात, ते सन ज्या बालकाच्या जन्मापासून धरले आहे, त्या बालकाच्या जन्माचा दाखला कोणत्या शाळेचा आहे? साल अंदाजे, चुकलेले. दिवस अंदाजे, दुसऱ्याच्या सणावरून घेतलेला किंवा नऊ महिने मोजून काढलेला. साक्षीदार मेंढपाळ, अंगठा नाही. असा जन्म सरकारला मान्य आहे. अर्जदाराच्या मुलीच्या जन्माला सुईण हयात आहे, गाव हयात आहे, तो अमान्य का?

मी बापाला वाचून दाखवला.

"चांगलं हाय जी," तो म्हणाला. "पन साहेबाले राग आला तं? मले पोरीचं काम पाह्यजे, साहेबाची फजिती नाही पाह्यजे."

"फजिती झाल्याशिवाय काम होत नाही," मी म्हणालो. बापाने अर्ज गावी नेऊन साक्षीदारांचे अंगठे उठवून आणले, आणि शनिवारी कचेरी उघडल्यावर अर्ज आत गेला.

सोमवारी साहेबांनी आम्हाला बोलावले. अर्ज त्यांच्यापुढे होता. शेजारी दोन कारकून उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी तो वाचला होता हे दिसत होते.

"हे येशू ख्रिस्ताचे काय आहे?" साहेबांनी विचारले.

"ते उदाहरण आहे, साहेब. नजीर म्हणून दिले आहे."

"तुम्हाला येशू ख्रिस्ताचे वय दुरुस्त करून पाहिजे की या मुलीचे?"

कारकून हसले. बाप पुढे होऊन म्हणाला, "पोरीचं जी. त्याईचं राहू द्या. त्याईचं आता कोन दुरुस्त करन?" आणि साहेबही हसले. एका भाजीवाल्याने माझी नजीर माझ्यादेखत मागे घेतली, आणि त्यामुळे साहेबांचा मूड सुधारला, ही गोष्ट मी आजवर कोणाला बोललो नाही.

"हे पाहा," साहेब बापाला म्हणाले, माझ्याकडे न बघता. "शाळेचा दाखला मी बदलू शकत नाही. ते वरून होईल, आणि वरून म्हणजे वर्ष जाईल. पण वयाबद्दल वाद असेल तर सिव्हिल सर्जनने तपासून दिलेला दाखला नर्सिंगवाले घेतात. मुलीला बुलढाण्याला घेऊन जा." मग माझा अर्ज त्यांनी बाजूच्या ढिगावर ठेवला. "याचे उत्तर यथावकाश मिळेल."

अक्षय तृतीयेला दिवस थोडे उरले होते. आम्ही तिघे, बाप, मुलगी आणि मी, एस.टी.ने बुलढाण्याला गेलो. माझी तेथे कायदेशीर गरज नव्हती. परंतु मुलगी गाडीत चढताना म्हणाली, "काकाजी, तुमी या. बाबा डाक्तराले पोळ्याचं सांगत बसतीन." तिला मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिले. डोके खरोखर मोठे होते. तेलाने चापून बसवलेले केस, पायात नवी चप्पल, ती पुऱ्या रस्त्यात एकदाही खिडकीबाहेर बघत नव्हती, समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी तिला उजेडाकडे तोंड करून बसवले आणि म्हणाले, "आ कर."

त्यांनी चमच्याने जीभ दाबून दाढा मोजल्या. मी इतके दिवस सूर्य, चंद्र, अधिक मास, क्षय तिथी, बादशहाची गादी आणि धर्मगुरूंची सभा यांचा विचार करून आलो होतो, आणि सरकार शेवटी दाढांवर आले. आमच्याकडे बैलाचे वय असेच पाहतात. बाजारात दलाल बैलाचा ओठ वर करतो, दात पाहतो आणि दुदाती का चौदाती ते सांगतो. त्या बैलाला कोणी पुराव्याची तारीख विचारत नाही.

बापाच्याही मनात तेच आले असावे. तो हळूच मला म्हणाला, "पोळ्याले जल्मली, तं बैलासारकंच पाह्यलं तिले."

मुलीने ते ऐकले. तोंडात चमचा असल्यामुळे तिला बोलता येईना, पण ती हसली, आणि डॉक्टर म्हणाले, "हसू नको. अक्कलदाढ डोकावते आहे, ती बघू दे."

दाखला मिळाला : तपासणीच्या दिवशी सतरा वर्षे पूर्ण. सही, शिक्का. बापाने दाखला दोन्ही हातांनी धरला, जणू तो सांडेल. गावी जाण्याआधी त्याने धामणगाव बढ्याच्या लोकांना बसस्टँडवरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नकार धाडला. मुलगी त्या जुलैत बुलढाण्याला राहायला गेली.

येथे एखादा समाधानी मनुष्य हकीकत थांबवील. मी तसा नाही. दाखल्यात जन्मतारीख नव्हती, आणि नर्सिंगच्या कारकुनाला तारखेची जागा मोकळी चालेना. म्हणून त्याने तपासणीचा दिवस घेतला, त्यातून सतरा वर्षे वजा केली, आणि उन्हाळ्यातली एक तारीख लिहून टाकली. डॉक्टरांनी ज्या दिवशी दाढ पाहिली, तो तिचा वाढदिवस झाला. रोमच्या त्या संन्याशाने मागे मोजत जे केले, तेच आमच्या या कारकुनाने केले. एवढेच की संन्याशाला पाचशे वर्षे मागे जायचे होते, आणि याला सतरा जाऊनही जमले नाही. मी हरकत घेतली, तेव्हा मुलीचा बापच मला म्हणाला, "राहू द्या न भाऊ. पोरगी आत गेली ना." लोकांचे काम झाले की त्यांना न्यायाची गरज उरत नाही. ती मग एकट्या अर्जनवीसाला उरते.

आता ती मुलगी नर्सबाई आहे, वडनेर भोलजीला नेमणूक आहे. गेल्या हिवाळ्यात ती चिखलीला आली, तेव्हा माझ्या पेटीपाशी उभी राहून बोलली. बाळंतपणे करते, जन्म नोंदवते. मी विचारले, "तारीख कशी लिहितेस?"

"घड्याळ पाहून लिहिते, काकाजी," ती म्हणाली. "अन् खाली बारीक अक्षरात तिथी लिहिते. आया विचारतात ना, कोन्या दिवशी झालं म्हणून. अमावस म्हटलं की त्याईले कळते, अकरा तारीख म्हटलं तं कळत नाही."

"बरे करतेस."

"मोठ्या बाई खोडतात. म्हणतात, ही काही तारीख नव्हे." ती हसली, तशीच, डॉक्टरांपुढे हसली होती तशी. "मी पुन्हा लिहिते."

सबब, अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे.

कचेरीत दाखल केलेल्या माझ्या अर्जाचे उत्तर साहेबांनी यथावकाश मिळेल असे सांगितले होते. साहेब बदलून गेले, त्यांच्यामागून आलेले साहेबही गेले, यथावकाश अजून झालेला नाही. अर्ज ढिगात असल्यास तो काढून वाचावा. सदर मुलीच्या नावावर आज तीन जन्म आहेत : एक कानाचा, एक दाढेचा आणि एक पोळ्याचा. पैकी शिक्क्याचे दोन खोटे आहेत आणि खरा एक बिनशिक्क्याचा आहे, हे मान्य करावे किंवा अमान्य असल्यास कारणांसह कळवावे. वडनेर भोलजी येथील नोंदीत तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलेली तिथी यापुढे कोणी खोडू नये, असा हुकूम व्हावा. तिथीने सरकारची काही जागा अडत नाही. ज्या सरकारचे सनच एका संन्याशाच्या चुकलेल्या मोजणीवर उभे आहे, त्याला एका अमावास्येचे ओझे होऊ नये.

उत्तर चिखलीच्या कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली द्यावे. गुड फ्रायडे वगळता मी तेथे रोज असतो, आणि तो केव्हा येतो हे मी आता पंचांगात पाहून ठेवतो.